माफक घसरण

पाटण तालुक्यात सरळ रस्ता ही चैन आहे. कराड सोडून पश्चिमेला निघालं की मल्हारपेठेपर्यंत रस्ता जरा शिस्तीत असतो. पुढं मात्र तो कोयनेच्या नादाला लागतो. ती वळली की हा वळतो, तिनं डोंगराला बगल दिली की हाही देतो. खुद्द नदीचीच चाल तशी. महाबळेश्वराहून निघाल्यावर सह्याद्रीच्या कडेकडेनं ती 65 किलोमीटरच्या आसपास मुकाट्यानं दक्षिणेला जाते आणि हेळवाकपाशी मागून कुणी हाक मारावी तशी एकदम पूर्वेला वळते. जिथं नदीनंच काटकोनात विचार बदलला, तिथल्या रस्त्यांना सरळपणाचा आग्रह कोण धरणार? मोरणा, केरा, तारळी, वांग ह्या खोऱ्यांतले रस्ते तर वळणांमध्येच मधूनमधून थोडा रस्ता टाकल्यासारखे आहेत. त्यामुळं गाडीच्या दोन चाकांच्या मधोमध बसलेल्या, तेलात बुडालेल्या आणि जन्मात कधी उजेड न पाहणाऱ्या त्या डिफरन्शियलबद्दल चार शब्द लिहायचा अधिकार मुंबई-पुण्याच्या माणसापेक्षा पाटणकराचा थोडा जास्तच आहे, असं मला वाटत आलंय.

वळणावर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त चालतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. किती जास्त, हे मात्र कुणी विचारत नाही. हिशेब मोठा गमतीचा आहे. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलं, तर गाडीनं एक पूर्ण फेरी घेतली की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे साडेनऊ मीटर जास्त चालतं. आणि फेरी केवढी घेतली, ह्याच्याशी त्या साडेनऊ मीटरचा काही संबंध नसतो. एसटी स्टँडात घातलेला वळसा असो, चाफळच्या राममंदिराला घातलेली प्रदक्षिणा असो की सबंध तालुक्याभोवतीची रपेट असो, फरक तेवढाच. त्याहून मौज घाटात आहे. कुंभार्ली उतरताना गाडी डावीकडं वळते, उजवीकडं वळते, कधी हे चाक पुढं, कधी ते. पण निघताना गाडीचं तोंड ज्या दिशेला होतं त्याच दिशेला तोंड करून ती खाली चिपळूणच्या अंगाला उभी राहिली, आणि जेवढं डावीकडं तेवढंच उजवीकडं वळणं झालं, तर दोन्ही चाकांचं चालणं सारखं भरतं. मधल्या साऱ्या वळणांवर चाललेली ओढाताण हिशेबाच्या वहीत कुठं दिसतसुद्धा नाही. आपण खिडकीला डोकं टेकून डुलक्या काढत असतो तेव्हा आपल्या बुडाखाली एवढं उदात्त काहीतरी चाललेलं असतं.

ह्या डब्याची कल्पना मला पुस्तकातून कळायच्या आधी खळ्यावर कळली. आजोळी, तारळ्याच्या बाजूला, ज्वारीची मळणी असायची. मधोमध तिवडा, त्याला बांधलेली बैलांची पात, तोंडाला मुसकी, आणि पायाखाली कणसांचा थर. आजोबा पात जुंपताना म्हातारा बैल नेहमी तिवड्याशेजारी लावायचे आणि सगळ्यांत तरणा खोंड कडेला. एकाच फेरीत म्हाताऱ्याला चार पावलं टाकावी लागत आणि कडेच्याला दौड मारावी लागे, पण दोघं एकाच दाव्यात, एकाच मळणीत. म्हाताऱ्याला कुणी 'भरभर चाल' म्हणायचं नाही आणि खोंडाला 'सावकाश' म्हणायची सोय नव्हती. डिफरन्शियल म्हणजे हीच सवलत लोखंडात ओतलेली आहे. बैलगाडीला तिची गरज पडली नाही, कारण गाडीची दोन्ही चाकं कण्यावर आपापली सुटी फिरतात. गरज पडली ती एकाच इंजिनानं दोन्ही चाकं फिरवायची वेळ आली तेव्हा. ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच माणसानं 1827-28 च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी ही दातेरी चाकांची मांडणी बसवली. गडी मुळात घड्याळजी. तास काटा आणि मिनिट काटा एकाच किल्लीवर वेगवेगळ्या चालीनं चालवणाऱ्याला चाकांचं दुखणं कळावं, ह्यात नवल नाही.

पण ह्या सवलतीत एक भाबडेपणा आहे, आणि तो पावसाळ्यात उघडा पडतो. ढेबेवाडीच्या बाजूला चाललेल्या वडापच्या जीपमध्ये मी एकदा बसलो होतो. बसलो म्हणजे, माझा काही भाग जीपमध्ये होता. पुढून एसटी आली, आमच्या तात्यांनी तिला वाट द्यायला जीप डावीकडं घेतली, आणि मागचं डावं चाक साइडपट्टी सोडून चिखलात उतरलं. तात्यांनी रेस केली. चिखलातलं चाक भिंगरीसारखं फिरून मागच्या मोटारसायकलवाल्याला रंगवू लागलं आणि उजवं चाक, जे चांगल्या डांबरावर खणखणीत उभं होतं, ते जागचं हललंसुद्धा नाही. साध्या डिफरन्शियलचा स्वभावच असा. तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. चिखलातलं चाक जेवढा जोर पेलेल तेवढाच डांबरावरच्याच्या वाट्याला येतो. आणि चिखलातलं चाक तर काहीच पेलत नाही. मग इंजिनाचं सगळं फिरणं त्या पाय न टेकलेल्या चाकाकडं जातं आणि ज्याचे पाय जमिनीवर आहेत तो नुसता बघत राहतो. समता पाळायच्या नादात इतका अन्याय करणारं दुसरं यंत्र मी पाहिलेलं नाही.

खाली उतरून ढकलायची मनाची तयारी मी करत होतो, तेवढ्यात तात्यांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि मोकळा झालेला डावा पाय ब्रेकवर अगदी हलका ठेवला. देवळाच्या पायरीला पाय लागू नये म्हणून ठेवतात तसा. उजव्या पायानं रेस चालूच. भिंगरी मंदावली, जीप एकदा थरथरली आणि डांबरावरच्या चाकानं तिला अलगद वर घेतलं. मी विचारलं, "हे काय केलंत?" तर म्हणाले, "मोकळ्या चाकाला जरा कामाला लावलं, बाकी काय!" पुढच्या स्टॉपला त्यांनी आणखी तिघं घेतले.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. तो चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि त्याच्याकडं एक पोलो आहे. ही गाडी चाकणलाच बनायची. 2022 साली बनायची बंद झाली. तेव्हापासून तो तिच्याकडं शेवटच्या मुलीकडं बघावं तसं बघतो. ती गाडी दोन जन्म एकाच वेळी जगते. एरवी ऑफिस, भाजी, महिन्याकाठी पाटणची फेरी. आणि वर्षातून मोजक्या वेळा डोक्याला हेल्मेट घालून ट्रॅक. त्याची सुरुवात कोल्हापूरच्या मोहित्यांच्या कार्टिंग ट्रॅकवर झाली. पुढं कोईमतूरचा कारी स्पीडवे, आणि मग चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा 3.7 किलोमीटरचा ट्रॅक. कराडला कोल्हापूर नाक्यावर दक्षिणेला वळलं की तोच 48 नंबरचा महामार्ग बेळगाव, बंगळूर करत थेट त्या ट्रॅकच्या परिसरात नेऊन सोडतो, हे त्यानं मला नकाशावर बोट फिरवून दाखवलं होतं. म्हणजे आमच्या घरापासून चेन्नईच्या शर्यतीच्या मैदानापर्यंत खरं वळण एकच, असं त्याचं म्हणणं. मधल्या कराड-पाटण रस्त्याला तो धरतच नाही.

तर गेल्या गणपतीत हा ओसरीवर येऊन बसला आणि मोठ्यानं म्हणाला, "मामा, एलएसडी घ्यायचाय. कुठला चांगला?" शेजारच्या अंगणात आमचे निवृत्त फौजदार पेपर वाचत होते. त्यांच्या पेपरचं पान उलटायचं थांबलं. मी घाईघाईनं, त्यांनाही ऐकू जाईल अशा बेतानं, "म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल ना?" असं विचारलं, तेव्हा पान पुढं उलटलं. भाच्यानं मोबाइलवर चित्रं काढली आणि सांगायला सुरुवात केली. ट्रॅकवर वळणातून बाहेर पडताना गाडीचा भार बाहेरच्या अंगाला जातो, आतलं पुढचं चाक हलकं होतं, आणि नेमकं तेव्हाच जोर दिला की ते बापडं जागच्या जागी फिरतं, रबराचा धूर होतो, गाडी नाक धरून बाहेर पळते. वडापच्या जीपचीच गोष्ट, फक्त चिखलाऐवजी चांगलं डांबर, आणि तिघांऐवजी हेल्मेट घातलेला एकटा.

आतून आमची मंडळी चहा घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यानं ॲव्हरेज वाढतं का रे?" "नाही मामी." "आवाज कमी होतो?" "उलट काही काही प्रकारांत वाढतो." "मग एवढे पैसे घालून फक्त एक चाक फिरायचं थांबवायचं?" भाचा विचारात पडला. ती कपबशा गोळा करता करता म्हणाली, "अरे, मग आधी टायर का नाही बदलत? गुळगुळीत झालेत की." आणि आत गेली. आम्ही दोघं यंत्रशास्त्रातली माणसं. मी उभी नोकरी कोयना प्रकल्पावर काढलेली, तो चाकणचा. काही क्षण आम्ही दोघंही ट्रॅक ह्या विषयावर काही बोललो नाही.

मग चकत्यांच्या प्रकारापासून सुरुवात झाली. 1930 च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनसाठी शर्यतीची गाडी आखली. तिच्या इंजिनात एवढी ताकद होती, की ताशी 160 किलोमीटरपर्यंत कुठल्याही वेगाला मागचं एखादं चाक जागच्या जागी फिरू लागे. तेव्हा 1935 साली त्यांनी झेडएफ ह्या कंपनीकडून घसरणीला आवर घालणारा डिफरन्शियल करून घेतला. आजही चकत्यांच्या एलएसडीत तत्त्व सोपंच असतं. क्लचप्लेटसारख्या चकत्यांच्या गड्ड्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या असतात. इंजिनानं जोर दिला की आतल्या उताराच्या खाचा त्या चकत्या एकमेकींवर दाबतात आणि दोन चाकं जवळजवळ एकजीव होतात. ह्यात पुन्हा पोटभेद. फक्त रेस दिल्यावर आवळणारा तो वन-वे, रेस सोडल्यावरही तितकाच आवळणारा टू-वे, आणि रेस सोडल्यावर जरा कमी आवळणारा दीड-वे. दीड-वे ऐकून मला बरं वाटलं. आमच्या भागात पुष्कळ गोष्टी दीड-वेच असतात. समोरून उसाची ट्रॉली आली की दोन पदरी रस्त्याचा तेवढाच उरतो.

चकत्यांचा प्रकार बळकट असतो, मनासारखा आवळता-सैल करता येतो, आणि खरा शर्यतवाला त्याच्याचवर जीव टाकतो. पण त्याचं रोजचं वागणं घरात पाहुणा म्हणून आलेल्या गवयासारखं. तेल त्याला ठरावीकच लागतं, तेही वेळच्या वेळी बदलून. चकत्या झिजतात, मग गिअरबॉक्स खोलून नव्या घालाव्या लागतात. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत तो स्टिअरिंगला हिसके देतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, चिंचोळ्या जागेत चाकं पूर्ण वळवून सावकाश गाडी फिरवली, की आतून कटकट-कुरकुर असा आवाज येतो. एकानं सावकाश जायचं, एकानं भरभर, हे त्याला मान्य नसतं. भाचा म्हणाला, ट्रॅकवर असला आवाज ऐकूच येत नाही. मी म्हटलं, पाटणच्या बाजारपेठेत सोमवारी येईल. आणि आवाज आला की चार जण थांबतील, त्यातले तीन जण गाडीखाली वाकतील, आणि चौथा 'एक्सल गेला' म्हणून निकाल देईल.

दुसरा प्रकार तिरप्या दात्यांचा. 1958 साली व्हर्नन ग्लीझमन ह्या अमेरिकनानं ज्याचं पेटंट घेतलं तो टॉर्सन ह्याच कुळातला. ह्यात चकत्या नाहीत, झिजायला फारसं काही नाही, आवाज नाही. आत मळसूत्रासारख्या तिरप्या दात्यांची छोटी चाकं असतात. जोर आला की ती बाजूला रेटली जाऊन घरावर घासतात आणि त्या घासण्यातूनच आवर तयार होतो. रेस नसेल तेव्हा हा डबा साध्या डिफरन्शियलसारखा शहाणा असतो. स्टँडात वळा, गल्लीत वळा, तो आहे हे कळतसुद्धा नाही. वळणातून जोर देत बाहेर पडलात, की ज्या चाकाला पकड आहे त्याला तो दुसऱ्याच्या दुप्पट, अडीचपट जोर देतो, आणि गाडीचं नाक हात धरून वळणाच्या आत ओढून घेतो. मला हा स्वभाव आवडला. कामाच्या वेळी समोर, एरवी माजघरात.

पण त्याचीही एक दुखरी नस आहे, आणि ती गणिताची आहे. तो जास्त पकडीच्या चाकाला कमी पकडीच्या चाकाच्या अडीचपट जोर देतो. आता एक चाक हवेतच उचललं गेलं, तर त्याच्यावरचा जोर शून्य. शून्याला अडीचनं गुणलं तरी शून्यच. म्हणजे चांगल्या डांबरावर राजा असणारा हा डबा चाक पुरतं अधांतरी झालं की साध्यासारखाच हतबल होतो. अमेरिकन लष्कराच्या हमव्ही गाड्यांना ह्याच जातीचे डिफरन्शियल आहेत, आणि तिथल्या ड्रायव्हरला शिकवतात, की चाक हवेत फिरायला लागलं तर रेस देता देता ब्रेक हलका दाबा. फिरणाऱ्या चाकावर थोडा भार येतो, गुणायला काहीतरी मिळतं, आणि गाडी निघते. भाच्यानं हे वाचून दाखवलं तेव्हा मला ढेबेवाडीच्या रस्त्यावरचा तो डावा पाय दिसला. आमच्या तात्यांच्या जीपमध्ये टॉर्सन नव्हता, त्यांनी कुठलं प्रशिक्षणही घेतलं नव्हतं. पण रिकामं फिरणाऱ्याला थोडं काम द्यावं म्हणजे बाकीच्यांची गाडी हलते, हे त्यांना ठाऊक होतं.

बाकीचे प्रकार आम्ही झटपट उरकले. दाट तेलाच्या कपलिंगचा प्रकार जागा व्हायला वेळ लावतो आणि तापला की कंटाळतो. पुष्कळ नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक मेंदू फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक आपोआप दाबतो, म्हणजे तात्यांचा पाय तारेत बसवलेला. रस्त्याला तो पुरतो, ट्रॅकवर फेऱ्यांमागून फेऱ्या मारल्या की ब्रेकच तापतात. पूर्ण कुलूप लावणारा प्रकार आमच्याकडं प्रत्येक वाडीवर आहे. भाताच्या खाचरात चिखलणी करताना ट्रॅक्टरचं एक चाक रुतलं की ड्रायव्हर टाचेजवळचं पेडल दाबतो, दोन्ही चाकं एक होतात, ट्रॅक्टर वर येतो. आणि बांधाशी वळायच्या आधी शहाणा माणूस पाय काढतो. नाशिकला बनणाऱ्या थारच्या काही मॉडेलांना मागं तसलंच कुलूप असतं. कोल्हापूरच्या कार्टला तर डिफरन्शियलच नसतो, मागचा सबंध एक्सल एकच कांब. म्हणून वळताना आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचलावं लागतं, तशी तिच्या पुढच्या चाकांची ठेवणच असते. काही जण डिफरन्शियलच्या आत वेल्डिंग मारून तीच कांब फुकटात मिळवतात. कायमचं कुलूप लावायला फार अक्कल लागत नाही, वळताना ते उघडायला लागते.

ह्या सगळ्यावर विचार करताना मला माझ्या धरणाची आठवण येणं अपरिहार्य होतं. कोयनेचं धरण 103 मीटर उंचीचं, पोटात 105 टीएमसी पाणी. नदीची मूळ ओढ पूर्वेला, कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर भेटायची. माणसानं मात्र डोंगर पोखरून तिला पश्चिमेची वाट काढून दिली. पोफळीच्या बाजूला पाणी जवळजवळ पावणेपाचशे मीटर खाली कोसळतं आणि त्याच्यावर वीज होते. आता एकाच तळ्याला दोन तोंडं, आणि त्यातलं एक तोंड एवढं निसरडं, एवढं फायद्याचं, की मोकळं सोडलं तर सगळं पाणी तिकडंच घसरायचं आणि सांगलीकडची नदी डांबरावरच्या चाकासारखी नुसती बघत राहायची. म्हणून कृष्णा पाणीतंटा लवादानं आकडा घालून दिला, की पश्चिमेला वर्षाकाठी 67.5 टीएमसी, त्यापुढं नाही. उन्हाळ्यात सांगलीकर 'पाणी सोडा' म्हणतात, पायथा वीजगृहातून 2100 क्युसेक सुटतं, आणि ताकारी-टेंभूच्या पंपांना घोट मिळतो. मी नोकरीत असताना ह्या आकड्याचा उल्लेख कागदोपत्री इतक्यांदा वाचला की तो मला रुक्ष वाटायचा. आता वाटतं, लवादानं एवढंच केलं की घसरायला बंदी घातली नाही, घसरण माफक ठेवली. दोन्ही तोंडांना आपापल्या चालीनं वाहू दिलं, पण एकाला सगळं खाऊ दिलं नाही. यंत्रात असो वा खोऱ्यात, मला तरी ह्याहून शहाणी तडजोड ठाऊक नाही.

भाचा हे ऐकून हसला. "मामा, तुम्ही डिफरन्शियलवरून धरणावर गेलात." गेलो खरा. माझ्या वयाला माणूस आतल्या अंगाचं चाक होतो. थोडंच चालतो, पण वळण त्याच्याच भोवती होतं असं समजत राहतो. तो कडेचा, चाकण ते चेन्नई दौडणारा. त्याच्या एका फेरीत माझी चार पावलं होतात, आणि तरी गणपतीला दोघांची तोंडं एकाच दिशेला असतात. हे सगळं त्याला सांगायचं नव्हतं. त्याला फक्त विचारलं, की बाबा, ही गाडी वर्षातले किती दिवस ट्रॅकवर असते? तो बोटं मोजू लागला. एका हाताची बोटंसुद्धा पुरी लागली नाहीत. बाकीचे सगळे दिवस ती पावसात, घाटात, साइडपट्टीवर, आणि नवजा-कोयनानगरला ज्या हंगामात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो त्या हंगामात दर महिन्याला एकदा इकडं येणारी. ट्रॅक तिच्या आयुष्यातली जत्रा आहे. आणि जत्रेच्या कपड्यांत कुणी रोज नांगरत नाही.

तेव्हा ज्यांच्या गाडीला रस्ता आणि ट्रॅक दोन्ही सांभाळायचे आहेत, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी आहे आणि तिच्यातूनच घरीही परत यायचं आहे, त्यांच्यासाठी माझा निकाल असा. तिरप्या दात्यांचा डबा घ्या. तो झिजत नाही, कुरकुरत नाही, पावसात स्टिअरिंग हिसकत नाही. चकत्यांचा घ्यायचा असेल तर गाडी ट्रॅकपर्यंत टोचन करून नेण्याची ऐपत आणि गिअरबॉक्स पुन्हा पुन्हा खोलण्याची चिकाटी आधी तपासा. तेल डबा बनवणाऱ्यानं सांगितलंय तेच घाला; गॅरेजवाल्याकडं जे उघडं आहे ते नको. वेल्डिंगवाल्याला लांबूनच नमस्कार. आणि ह्या सगळ्याच्या आधी खाली वाकून टायर बघा, कारण डबा कितीही हुशार असला तरी जमिनीशी बोलणं शेवटी रबरच करतं. भाच्यानं टायर बदललेत. डिफरन्शियल दिवाळीच्या बोनसनंतर.